दुखण्याचा आकडा

माझी थोरली जाऊ बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे आणि मी त्याच हॉस्पिटलात खाली केसपेपरच्या खिडकीवर बसते. घरीही आमची दारं समोरासमोर. म्हणजे मला त्यांच्यापासून सुटका नाही आणि त्यांना माझ्यापासून. त्या मला धाकटी म्हणतात, मी त्यांना जाऊबाई म्हणते, आणि वॉर्डातल्या बायका त्यांना फुंकरबाई म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण चपखल ठेवलं. सुई टोचून झाली की त्या जागेवर हलकेच फुंकर घालायची त्यांना सवय आहे. असं करू नये म्हणून मेट्रन त्यांना अधूनमधून समज देतात. त्या मान डोलावतात, आणि मेट्रनची पाठ वळली की पुन्हा घालतात.

त्यांच्या वॉर्डात कुणी ओरडत नाही, ही त्यांची मिजास. शेजारच्या वॉर्डातून कण्हण्याचा आवाज आला की त्या खिडकी लोटून घेत आणि माझ्याकडे बघून भुवई उडवत. घरातही तेच. कुणाची दाढ ठणको, कुणाचा पाय मुरगळो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "फार नाही ना?" आता असं विचारल्यावर माणूस काय सांगणार? आमचे थोरले भाऊजी एकदा सुजलेला गाल हातात धरून "नाही नाही, बरंय" म्हणाले होते आणि संध्याकाळी त्यांची दाढ काढावी लागली. मी तेव्हा पोट धरून हसले. जाऊबाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. माणसाला धीर दिला की अर्धं दुखणं पळतं, असं त्या मनापासून मानत. आणि मला वाटतं, दुसऱ्याचं दुखणं त्यांना खरोखरच बघवत नसे. म्हणून तर त्या ते कमी करून घेत.

मग आमच्याकडे भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, बोलताना चष्मा वर सरकवणाऱ्या, आणि भलत्या चिकाटीच्या.

सिझेरियनला कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. ती भूल काही तासांत उतरते आणि मग कापलेलं पोट आपलं म्हणणं मांडायला लागतं. ते थोडं लांबावं म्हणून पोटाकडे जाणाऱ्या नसा आणखी काही काळ बधिर ठेवायच्या, त्याला ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक देण्याच्या दोन पद्धतींपैकी चांगली कोणती, हे डॉक्टरीणबाईंना पडताळायचं होतं. एकीत बाई उताणीच असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत दोन्ही कुशींतून पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडायचं. काम पटकन उरकतं. दुसरीत बाईला एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर वळवून पाठीच्या बाजूने आणखी खोल जायचं. त्याला वेळ लागतो आणि हात बसलेला लागतो. कुणाला कोणता ब्लॉक द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरे. बाईलाही सांगत नसत आणि वॉर्डातल्या नर्सलाही नाही.

नर्सचं काम एवढंच की ठरल्या वेळी जाऊन विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? एकदा स्वस्थ पडलेली असताना, एकदा खोकायला सांगून. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही. आकडा चारच्या वर गेला तर वेदनाशामकाचं जादा इंजेक्शन द्यायचं. दिवसाची पाळी जाऊबाईंची होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं, "सिस्टर, नुसतं विचारा आणि थांबा. बाईला बोलू द्या."

जाऊबाईंनी विचारलं, पण थांबणं काही त्यांना जमलं नाही.

मी एकदा सहीसाठी कागद घेऊन वर गेले होते. जाऊबाईंनी आधी चादरीची सुरकुती काढली, उशी फुगवली, बाळ आईच्या कुशीत ठेवलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मग विचारलं, "फार नाही ना दुखत? किती म्हणू?"

"पाच," ती म्हणाली.

"पाच? अगं, पाच म्हणजे बाई रडायला लागते. तू तर हसतेयस."

"मग... चार?"

"बाळाकडे बघ बरं. आता सांग."

"तीन."

"शहाणी माझी," म्हणत जाऊबाईंनी तीन लिहिलं. भाजी घेताना आपण अशी घासाघीस करतो. फरक इतकाच की भाजीवाली मनातून आपल्याला शिव्या देते आणि ही पोरगी कृतज्ञ होती. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, काय गोड बोलतात.

काम संपलं, आकडे मांडले, आणि निघालं ते असं की दोन्ही ब्लॉक सारखेच. कोणताही दिला तरी आराम तेवढाच, काही फरक नाही. डॉक्टरीणबाईंनी बैठकीत सगळ्यांचे आभार मानले, जाऊबाईंचे वेगळे मानले. फरक नसेल तर पाठीचा खटाटोप कशाला, असं वरच्या साहेबांनी ठरवलं आणि तेव्हापासून सगळ्यांना कुशीतला ब्लॉक मिळू लागला. जाऊबाई तो अख्खा दिवस हवेत होत्या. घरी येऊन भाऊजींना शास्त्र समजावत बसल्या. भाऊजी बिचारे मान हलवत होते आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे होतं.

त्यानंतर त्यांच्या लेकीची वेळ आली.

ही माझी पुतणी. लहानपणापासून माझ्याच घरात जास्त वाढलेली, कारण तिची आई पाळीवर असायची. बाळ आडवं होतं, सिझेरियन ठरलं, आणि ते आमच्याच हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन विचारलं, "सिस्टर, हिला पाठीतून देऊ का? माझा हात आता चांगला बसलाय."

"कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "दोन्ही सारखेच ना? तुम्हीच सिद्ध केलंत. उगाच पोरीला वळवावळवी नको."

मुलगी झाली. काळंभोर जावळ, आणि आवाज असा की खाली माझ्या खिडकीपर्यंत पोचला असेल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी मी धुतलेले कपडे घेऊन वर गेले तेव्हा जाऊबाई बाळाचं वजन करायला निघाल्या होत्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बघ, माझी लेक. खोकून दाखवलं तरी दोनच म्हणते."

त्या दाराबाहेर गेल्या आणि पुतणीने माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. तिचा चेहरा घामाने ओला होता, ओठ पांढरे पडले होते.

"काकू, मला सहन होत नाहीये."

"अगं, पण आईला दोन सांगितलंस ना?"

"दोन तिने सांगितलं. मी फक्त हो म्हटलं."

"खरं किती आहे?"

"आठ. खोकले तेव्हा नऊ. काकू, तिला नको सांगूस. तिचं तोंड एवढंसं होतं गं. लहानपणी मी पडले की आधी तिच्याकडे बघायचे, आणि तिचा चेहरा बघूनच नाही लागलं म्हणायचे. आता तर तिच्या अख्ख्या वॉर्डाचा प्रश्न आहे."

मी बेल दाबली. दुसरी एक पोरसवदा नर्स आली. तिने काही घासाघीस केली नाही. "किती?" म्हणाली आणि थांबली. पुतणीने आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाली, "नऊ." नर्सने डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पोरीची मूठ सुटली आणि ती झोपली.

सांगू नकोस म्हणाली होती, पण माझा स्वभाव मूग गिळून बसणाऱ्यातला नाही. आणि मला राग आला होता. वजन करून बाळाला घेऊन जाऊबाई जिन्यापाशी आल्या तेव्हा मी बाळ माझ्याकडे घेतलं आणि तिथेच सांगून टाकलं. सगळं. आठ, नऊ, आणि ते चेहरा बघण्याचंही.

त्या रागावतील अशी माझी अटकळ होती. त्या म्हणाल्या, "नऊ? माझ्या वॉर्डात?" आणि जिन्याच्या कठड्याला टेकल्या. मग हळू आवाजात विचारलं, "धाकटे, ती पोटची पोर. ती मला खोटं सांगते. मग बाकीच्या?"

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे ज्याचं जळत होतं त्याने सांगितलंच नव्हतं आणि जिला कळायला हवं होतं तिने ऐकलंच नव्हतं. मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

त्या दिवसापासून त्यांनी जे मनाला लावून घेतलं ते घेतलं. जेवताना घास हातातच राही. कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच म्हणत, "ती शिक्षिका होती ना, जुळ्यांची आई, ती सात म्हणाली होती. मी तिला हसवलं आणि तीनवर आणलं." थोड्या वेळाने दुसरी आठवे. एकेक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहत होती. भाऊजी समजूत घालायला गेले, "अगं, तू चांगल्यासाठीच केलंस." त्यावर त्या एकदम फिस्कारल्या, "चांगलं कुणाचं? माझा वॉर्ड शांत राहिला, तेवढंच चांगलं झालं." भाऊजी गुपचूप उठून बाल्कनीत गेले. मी त्यांच्यासाठी चहा टाकला. दुसरं काय करता येत होतं?

खरा पेच पुढे होता. आकडे खोटे, तर निकालही खोटा. आणि त्या निकालावर आता रोज बायकांना ब्लॉक मिळत होता. हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं म्हणजे स्वतःची अब्रू स्वतःच्या हाताने घालवायची. नोकरीची थोडी वर्षं राहिलेली, आजवर कागदावर एक डाग नाही. सांगितलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं, चाचपून बघायला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या जिभेची लाज वाटली.

"बरोबर चल," एवढंच त्या म्हणाल्या. "तू नसलीस तर मी दारातून परत फिरेन."

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक चिंचोळी खोली आहे, तिथे डॉक्टरीणबाई उभ्याउभ्या सँडविच खात होत्या. जाऊबाईंनी सगळं सांगितलं. उशी, बाळ, घासाघीस, लेक. काही सावरून घेतलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सँडविच खाली ठेवलं.

"रात्रीच्या सिस्टरांचे आकडे जास्त यायचे," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं. मी म्हटलं, रात्री दुखणं जास्त वाटतंच माणसाला. मी खोलात गेले नाही, सिस्टर. दोन्ही सारखे निघाले तर वरच्यांना सोयीचं होतं. मलाही होतं."

"माझे आकडे काढून टाका."

"काढते. पण उरलेल्यांवरून काहीच सांगता येणार नाही. पाठीतला चांगला निघेल, कदाचित नाहीही निघणार. सगळं नव्याने करावं लागेल."

जाऊबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "ज्या पाच म्हणाल्या आणि मी तीन लिहिलं, त्यांना ते जादा इंजेक्शन मिळालं नाही. हो ना?"

"नाही मिळालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी त्या बाईचा राग आला. जरा मऊ बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण नंतर वाटलं, मऊ बोलण्यानेच तर हे सगळं झालं होतं.

मेट्रनकडून एक लेखी समज आली, नोकरी राहिली. नव्याने काम सुरू झालं तेव्हा विचारायला त्या पोरसवदा नर्सला नेमलं. ती आकडा विचारायला आत गेली की जाऊबाई स्वतःहून वॉर्डातून बाहेर पडत आणि व्हरांड्यात उभ्या राहत. "मी समोर दिसले की बायका एकदोन आकडे कमी करतात," असं त्या म्हणत. आता त्यांच्या वॉर्डातून कण्हण्याचा आवाज येतो. त्या खिडकी लोटत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण एकदा आम्ही दोघी बाळासाठी झबली शिवून आणायला गेलो होतो, तर तिथली शिवणारी बाई आम्हाला बघून मशीनवरून उठून आली. "फुंकरबाई! ओळखलंत का? तुमच्याच वॉर्डात होते. किती केलंत हो माझं. मी सगळ्यांना सांगते, तिथे जा, तिथे मुळीच त्रास होत नाही."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "खरं सांग," त्या म्हणाल्या, "दुखत नव्हतं?"

ती हसली. दातांत धरलेली टाचणी तिने बाहेर काढली. "दुखायचं की. सहनही होत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. उशीत तोंड खुपसून पडायचे, तुमच्या चपला वाजल्या की नीट बसायचे. तुम्ही एवढ्या मायेने विचारायचात, तुम्हाला वाईट कसं सांगायचं?"

तिने झबल्यांची शिलाई घ्यायची नाही म्हणून हट्ट धरला. जाऊबाईंनी नोटा मशीनवर ठेवल्या आणि पायऱ्या उतरल्या. रस्ताभर त्या माझ्या पुढे चालत होत्या. मी हाक मारली तरी थांबल्या नाहीत. शिवी दिली असती तर पचली असती, आभार काही पचले नाहीत.

पुतणी अजून आईकडेच आहे. तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी येतो आणि बाळाला कसं धरायचं ते दर वेळी नव्याने शिकतो. मायलेकींचं काही बिनसलेलं नाही. हसतात, बोलतात, बाळाला मिळून न्हाऊ घालतात. पण परवा संध्याकाळी जाऊबाई माझ्या दारात आल्या. स्वयंपाकाचे ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "सकाळपासून ती पोटावर हात ठेवून चालतेय. टाक्यांच्या जागी दुखतंय असं वाटतं. तू जरा विचारून ये."

"अहो, तुमची लेक आहे. तुम्हीच विचारा की."

"मला ती कमी सांगेल."

मी गेले. जाऊबाई माझ्याच घरात, दाराच्या आड थांबल्या. पुतणी बाळाला थोपटत बसली होती. मी सरळ विचारलं आणि थांबले.

"पाच असेल," ती म्हणाली. "मगाशी बादली उचलली ना. पण काकू, आईने पाठवलं असेल तर तिला तीन सांग."

मी परत आले. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पाच," मी म्हणाले.

"आणि मला किती सांगायला सांगितलं?"

"तीन."

त्यांनी मान हलवली, पाण्याची पिशवी कुठे ठेवली आहे ते मला विचारलं, आणि पाणी तापवून ती भरली. मग पिशवी माझ्या हातात दिली. "तूच नेऊन दे," म्हणाल्या, "मी नेली तर दुखत नाही म्हणेल."